रिम्मोनाच्या घरात नामान : सैन्यातील विश्वासी, पाद्री आणि आपण

शास्त्रभाग : २ राजे ५:१-१९, दानीएल ३, १ करिंथ १०:१४-३३, प्रेषितांची कृत्ये २७:१३-४४



भाषांतराच्या कामानिमित्त माझे जयपुरास जाणे-येणे असते. तेथे अहिल्यानगर जिल्ह्यातून गेलेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. वडील निवृत्त सुभेदार, मुलगा सैन्यात. एके संध्याकाळी कौटुंबिक उपासना झाल्यावर त्या घरच्या माउलीने मला विचारले, "भाऊ, आमच्या मुलाच्या पलटणीची मंदिर परेड असते. तो सगळ्यांबरोबर जातो, उभा राहतो. सुट्टीवर आला की मंडळीत प्रभुभोजन घेतो. त्यानं ते घ्यावं का?" सुभेदारसाहेब म्हणाले, "अगं, हुकूम तो हुकूम." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "हुकूम मला कळतो हो. चाळीस वर्षं मी हुकमातच काढली. पण वचन काय म्हणतं?"

त्या दिवशी मी तिला अपुरे उत्तर दिले. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे राहिलेले अर्धे होय. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातू, जावई सैन्यात आहेत. ज्यांचे नाहीत, त्यांनाही कचेरीत, कारखान्यात, शाळेत हाच प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो. म्हणून आपण सर्वांनी मिळून हा अभ्यास करू या.

१. आपल्या सैन्यातील धर्मगुरू

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतीय सैन्यात धर्मगुरू हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरच्या दर्जाचे पद आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्षू अशा धर्मगुरूंची त्यावर नेमणूक होते. पाद्री होणाऱ्याची योग्य मंडळी-अधिकाऱ्यांकडून दीक्षा झालेली असावी लागते. या सर्वांचे प्रशिक्षण आपल्या पुण्यातील राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होते. पंडित आणि पाद्री, मौलवी आणि ग्रंथी तेथे एकत्र राहून एकमेकांच्या चालीरीती जाणून घेतात.

त्यांच्या नेमून दिलेल्या कामांची यादी पाहण्यासारखी आहे. पलटणीच्या धर्मस्थळी विधी चालविणे, अंत्यविधीस उपस्थित राहणे, रुग्णालयातील आजाऱ्यांस भेटणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना करणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची भेट घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे. वाचकहो, ही यादी वाचताना मत्तय २५ वा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. आजाऱ्याचा समाचार आणि बंदिवानाची भेट या गोष्टी प्रभूने न्यायाच्या दिवसाच्या मोजमापात घातल्या आहेत. सरकारी नियमपुस्तकाने त्या कामाच्या यादीत घातल्या आहेत.

जवानाची भरती पूर्ण होते तेव्हा कसम परेड असते. तेथे धर्मगुरू आपापले पवित्र ग्रंथ घेऊन उभे असतात आणि प्रत्येक जण आपल्या श्रद्धेनुसार शपथ घेतो. अनेक छावण्यांत एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असते. जवान ज्या धर्माचे, त्या धर्माच्या सणात त्यांच्या अधिकाऱ्याने सहभागी व्हावे अशी जुनी प्रथा आहे. म्हणूनच नागा जवानांच्या नाताळात हिंदू कर्नल मेणबत्ती हाती घेऊन उभा राहतो, आणि शीख जवानांच्या गुरुपर्वात ख्रिस्ती मेजर डोके झाकून बसतो.

आपण एक गोष्ट विसरू नये. इंग्रजी अमदानीत सरकारी पगारावरचा धर्मगुरू म्हणजे मुख्यतः आपलाच पाद्री होता. पुण्याच्या लष्कर भागातील सेंट मेरी चर्चचे समर्पण १८२५ साली बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते झाले, ते गोऱ्या पलटणींसाठी. त्या काळी व्यासपीठ आमचे होते आणि सत्ताही आमच्या धर्मबांधवांची होती. आज पाद्री अनेकांतील एक आहे. काहींना ही घसरण वाटते. मला तसे वाटत नाही. सत्तेच्या खांद्यावर बसलेल्या पाद्र्यापेक्षा इतरांच्या शेजारी बसलेला पाद्री प्रेषितांच्या काळातील मंडळीला अधिक जवळचा आहे.

२. न्यायालयापुढे आलेला प्रश्न

या व्यवस्थेत एके ठिकाणी गाठ बसली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन हे ख्रिस्ती अधिकारी २०१७ साली थर्ड कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्यांच्या हाताखालील जवान शीख होते. रेजिमेंटमध्ये मंदिर व गुरुद्वारा होता. परेडसाठी आपण जवानांबरोबर जातो, मात्र गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घेण्यापासून सूट मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठांनी त्यांना अनेकदा समजाविले. अखेर मार्च २०२१ मध्ये त्यांना सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी ही कारवाई कायम केली. प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा नसून वरिष्ठांच्या कायदेशीर आज्ञेच्या पालनाचा आहे, असे त्या न्यायालयाचे मत पडले. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास धर्मस्वातंत्र्य दिले आहे, आणि ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत अधिकारांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला आहे. निकालाची कायदेशीर चिकित्सा करणे हे माझे काम नव्हे. परंतु त्या सुनावणीतील एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. अन्य धर्मस्थळात प्रवेश करण्यास ख्रिस्ती धर्मात नेमकी कोठे मनाई आहे, असा प्रश्न न्यायपीठावरून विचारला गेला. अधिकाऱ्याच्या वकिलांनी दहा आज्ञांतील पहिल्या आज्ञेकडे बोट दाखविले. उलट, तसे केल्याने विश्वासास बाध येत नाही, हा एका पाळकाने त्या अधिकाऱ्यास दिलेला सल्लाही विचारात घेतला गेला. म्हणजे पाहा, देशाचे सर्वोच्च न्यायालय विचारीत होते की तुमचे शास्त्र काय म्हणते. जयपूरच्या माउलीचा प्रश्न तोच होता. अशा वेळी मंडळीचे उत्तर अभ्यासून दिलेले असावयास हवे.

३. नामानाची विनंती

पवित्र शास्त्रात असाच एक सेनाधिकारी आहे. अरामाच्या राजाचा सेनापती नामान रथ-घोड्यांसह अलीशाच्या दाराशी आला, यार्देनेत सात वेळा बुडाला आणि कोडापासून शुद्ध झाला. बहुतेक प्रवचने येथेच थांबतात. पण आपला विषय १७ व्या वचनापासून सुरू होतो.

नामान दोन गोष्टी बोलतो. पहिली ही की यापुढे परमेश्वरावाचून दुसऱ्या कोणत्याही देवास तो होमबली किंवा यज्ञबली अर्पिणार नाही. त्यासाठी तो दोन खेचरांच्या ओझ्याइतकी इस्राएलाची माती मागतो. दुसरी गोष्ट अडचणीची आहे. त्याचा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, तेव्हा तो नामानाच्या हातावर टेकतो, आणि त्या वेळी नामानालाही वाकावे लागते. या गोष्टीची परमेश्वराने क्षमा करावी, अशी त्याची विनंती आहे.

येथे भाषांतरकार म्हणून मला थोडे थांबावयाचे आहे. 'नमन करणे' या अर्थाचा इब्री धातू १८ व्या वचनात तीनदा येतो. एकदा राजाच्या बाबतीत आणि दोनदा नामानाच्या बाबतीत. धातू एकच आहे. परंतु अनेक भाषांतरांत राजासाठी 'उपासना करणे' आणि नामानासाठी केवळ 'वाकणे' असे दोन शब्द आढळतात. त्यामागे नामानास सोडविण्याचा भाषांतरकारांचा सद्हेतू दिसतो. पण नामानाने स्वतःला असे सोडविलेले नाही. 'राजा पूजा करतो, मी नुसता वाकतो' अशी शब्दांची पळवाट त्याने काढली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांची कृती सारखीच दिसणार, हे तो जाणून होता.

जयपूर परिसरातील बोलीत 'धोक देणे' असा एक शब्दप्रयोग आहे. देवापुढेही धोक देतात आणि दिवाळीला घरातील वडीलधाऱ्यांनाही धोक देतात. इब्री धातूचेही तसेच आहे. अब्राहाम हेथाच्या लोकांपुढे नमन करतो (उत्पत्ती २३:७), तेथेही हाच धातू आहे आणि ती केवळ रीतभात आहे. आपल्या मराठीतील 'नमस्कार' हाही देवाला आणि शेजाऱ्याला एकच. तेव्हा शरीराच्या हालचालीवरून मनातील उपासना ठरविता येत नाही. तशीच ती हालचाल अगदी निरर्थक आहे असेही म्हणता येत नाही. या दोहोंमध्ये नामान उभा आहे, आणि आपला सैनिकही तेथेच उभा आहे.

आणखी एक शब्द पाहा. 'क्षमा करणे' यासाठी नामानाच्या तोंडी आलेला इब्री धातू जुन्या करारात केवळ परमेश्वराच्या बाबतीत वापरला जातो. माणूस माणसाला क्षमा करतो तेव्हा हा धातू येत नाही. म्हणजे नामान अलीशाकडे परवानगी मागत नव्हता. ज्याच्या हाती ही गोष्ट खरोखर आहे, त्याच्यापुढे तो ती ठेवीत होता. ज्याच्या मनाला काहीच बोचत नाही, तो क्षमा कशाला मागेल? नामानाचा विश्वास काही क्षणांचा होता, पण त्याची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली होती.

४. अलीशाचे उत्तर

यावर अलीशा काय म्हणतो? 'हरकत नाही' असे तो म्हणत नाही. 'असे करशील तर तू आमचा नव्हेस' असेही म्हणत नाही. शांतीने जाण्याचा निरोप तो देतो आणि नामान निघून जातो. मूळ भाषेत हे उत्तर अवघ्या दोन शब्दांचे आहे. त्या दोन शब्दांत टीकाकारांनी कधी संमती वाचली, कधी नाराजी वाचली. मूळ मजकुरात यांपैकी काहीच स्पष्ट नाही. स्पष्ट आहे ती शांती.

अलीशा मूर्तिपूजेच्या बाबतीत सौम्य होता म्हणून हे घडले असे कोणी म्हणू नये. तो एलीयाचा शिष्य, कर्मेलावरील अग्नीचा वारसदार. पण दिमिष्कास एकट्याने परत जाणाऱ्या, मंडळी नाही, याजक नाही, शास्त्र नाही अशा नवख्या विश्वासणाऱ्याच्या पाठीवर त्याने नवे ओझे ठेवले नाही. जे कार्य परमेश्वराने आरंभिले, ते तोच पुढे चालवील असा त्याचा भरवसा होता.

५. सीमा कोठे?

मग सर्वच चालते काय? मुळीच नाही. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख व अबेद्नगो यांना आज्ञा झाली, ती पालथे पडून मूर्तीची उपासना करण्याची. ती उपासना हीच राजनिष्ठेची परीक्षा ठरविण्यात आली. तेथे त्या तिघांनी नकार दिला आणि भट्टी पत्करली. त्यांच्या बोलण्यात राजाविषयी अनादर नव्हता. परिणाम भोगण्यास ते तयार होते आणि सुटका झाली नाही तरी त्यांचे उत्तर बदलणार नव्हते.

पौल १ करिंथ १० मध्ये हीच सीमा अधिक बारकाईने आखतो. बाजारात मिळणारे मांस चौकशी न करता खावे. अन्यधर्मीयाच्या घरी बोलाविल्यास जावे व वाढलेले खावे. मात्र प्रभूचा मेज आणि मूर्तीच्या अर्पणाचा मेज या दोहोंचे भागीदार होता येत नाही. तसेच, ज्या कृतीने दुसऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी दुखावते, ती आपणास मोकळीक असूनही टाळावी.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

(अ) सोबत आणि उपासना यांत भेद आहे. सोबत्यांच्या शेजारी आदराने उभे राहणे ही सोबत होय. त्यांच्या देवतेस अर्पण करणे ही उपासना होय.

(आ) दोहोंमधील रेषा प्रत्येकाच्या सद्सद्विवेकबुद्धीला एकाच जागी दिसत नाही. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय हेच सांगतो. एकास उंबऱ्याच्या आत उभे राहण्यात बाध वाटत नाही, दुसऱ्यास वाटतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोषी ठरवू नये.

(इ) ज्याची बुद्धी 'नको' म्हणते, त्याने नम्रतेने नकार द्यावा आणि त्याची किंमतही मोजावी. ज्याची बुद्धी मोकळी आहे, त्याने आपण विश्वासात अधिक बलवान आहोत असे समजू नये.

येथे प्रभूने मत्तय ७:१२ मध्ये दिलेला नियम आपल्या बाजूनेही लावून पाहावा. नाताळच्या उपासनेत हिंदू कर्नल उभा असतो तेव्हा आपण त्याच्याकडून काय अपेक्षितो? त्याने आदराने उभे राहावे, जवानांच्या आनंदात आनंद मानावा. त्याने प्रभुभोजन घ्यावे असे कोणता पाद्री म्हणेल? त्याने ते न घेतल्याबद्दल कोण त्याचा अपमान मानील? जी सवड आपण त्याला मनापासून देतो, तीच आपल्या मुलाला मिळावी अशी इच्छा धरणे गैर नाही. आणि जी सवड आपण मागतो, ती इतरांस देण्यात आपण कमी पडता कामा नये.

६. तारवावरील पौल

आता धर्मगुरूंकडे वळू. विविध धर्मांच्या माणसांत धर्मगुरूने आपला विश्वास कसा प्रकट करावा? माझ्या मते नव्या करारात याचे सर्वोत्तम चित्र प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये आहे. पौल बंदिवान होता. तारवावर शताधिपती यूल्य, त्याचे शिपाई, खलाशी व कैदी मिळून २७६ माणसे होती. चौदा दिवस वादळ चालले होते, पोटात अन्न नव्हते. अशा वेळी पौलाने आपण ज्याचे आहोत व ज्याची सेवा करतो, त्या देवाचे नाव उघडपणे घेतले. मग त्याने भाकरी घेतली, सर्वांदेखत देवाची उपकारस्तुती केली आणि खाऊ लागला. तेव्हा सर्वांना धीर आला व तेही जेवले.

दोन बाजू पाहा. पौलाने आपली प्रार्थना पातळ केली नाही. 'कोणाला काय वाटेल' म्हणून देवाचे नाव गाळले नाही. आणि प्रार्थनेत सामील होण्याची अटही त्याने भाकरीला लावली नाही. वाचण्याचे आश्वासन तारवावरील प्रत्येकासाठी होते. ज्याला ज्या देवाचा धावा करावयाचा तो करीत असेल. पौलाने त्यांच्या भुकेची काळजी केली, आणि त्यांनी त्याच्या देवाचे नाव ऐकले.

अशीच एक घटना अलीकडच्या इतिहासात आहे. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'डॉर्चेस्टर' हे अमेरिकन सैनिकवाहू जहाज पाणतीराने बुडाले. त्यावर चार धर्मगुरू होते. दोन प्रोटेस्टंट, एक कॅथोलिक आणि एक यहुदी रब्बी. जीवरक्षक जाकिटे संपली तेव्हा चौघांनी आपापली जाकिटे काढून जवानांना दिली. ती देताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. वाचलेल्यांनी त्यांना बुडत्या जहाजावर एकत्र उभे राहून प्रार्थना करताना पाहिले. चौघांनी आपला विश्वास सोडला नव्हता, आणि शेजारच्याला अंतरही दिले नव्हते.

सैन्यातील धर्मगुरूस इंग्रजीत 'चॅप्लेन' म्हणतात. या शब्दाचा उगम एका झग्यात आहे. चौथ्या शतकातील मार्टिन नावाच्या रोमी शिपायाने थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला, अशी परंपरा आहे. त्या झग्याचे जतन करणाऱ्यांना जे लॅटिन नाव पडले, त्यापासून हा शब्द आला. मार्टिनाने अर्धा झगा दिला आणि अर्धा स्वतःच्या अंगावर ठेवला. धर्मगुरूच्या सेवेचे याहून नेमके चित्र कोणते?

७. आपले कर्तव्य

पालकांनो, मुलगा भरतीला जाण्यापूर्वीच हा विषय घरात बोलून घ्या. पहिल्या परेडच्या दिवशी त्याला एकट्याने सर्व ठरवावे लागू नये.

पाळकसाहेब, सैनिकाला सल्ला देताना एका वाक्यात देऊ नका. 'चालते' किंवा 'चालत नाही' हे दोन्ही शब्द सोपे आहेत. त्याच्याबरोबर २ राजे ५ उघडून बसा आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी काय म्हणते ते आधी ऐका.

मंडळीच्या वडिलांनो, सुट्टीवर आलेल्या जवानाकडे संशयाने पाहू नका. आणि ज्याने विवेकापायी नोकरी गमावली, त्याला 'हेकट' म्हणून दूर लोटू नका. दोघांनाही मंडळीच्या घरात जागा हवी.

आता जयपूरच्या त्या माउलीस माझे उत्तर. ताई, तुमच्या मुलास त्याचा देव कोण हे विचारा. तो प्रभू येशूचे नाव निःसंकोच घेत असेल, अन्य देवतेस अर्पण करीत नसेल, आणि जे मनाला बोचते ते लपवून न ठेवता नामानासारखे परमेश्वरापुढे ठेवीत असेल, तर त्याने स्वतःची परीक्षा करून मेजाजवळ यावे. पुढे एखाद्या दिवशी त्याचा विवेक 'यापुढे नाही' असे म्हणाला, तर त्या दिवशीही तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या राहा. आणि तो परत निघेल तेव्हा अलीशाने नामानास दिला, तोच निरोप त्याला द्या.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. नामानाने क्षमा का मागितली? त्याची कृती पूर्णपणे निर्दोष असती तर त्याने काय म्हटले असते?

२. शद्रख, मेशख, अबेद्नगो यांची परिस्थिती आणि नामानाची परिस्थिती यांत कोणता फरक आहे?

३. आपल्या नोकरीच्या ठिकाणी सोबत आणि उपासना यांमधील रेषा आपणास कोठे दिसते? दुसऱ्या विश्वासणाऱ्यास ती वेगळ्या जागी दिसत असेल, तर त्याच्याशी आपण कसे वागतो?

४. आपल्या मंडळीत येणारा अन्यधर्मीय पाहुणा आपल्याकडून कोणती सवड अपेक्षितो?

प्रार्थना

हे प्रभू, सीमेवर आणि छावणीत असलेल्या आमच्या मुलांना जागी सद्सद्विवेकबुद्धी व नम्र हृदय दे. सर्व धर्मगुरूंना आजाऱ्यांजवळ व बंदिवानांजवळ बसण्याची शक्ती दे. आम्हांला दोष लावण्यात मंद आणि सोबत करण्यात तत्पर कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.